पहिलीचं पुस्तक नको, पगाराची पावती चालेल

पत्र : शहादा तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळचा वर्ग घेते. 15 ते 19 वयाची अठरा मुलंमुली येतात. बरीचशी ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेली, काही सुरतेहून परतलेली. दोघांवर पोलीस केस आहे. कुणी चौथीत शाळा सोडली, कुणी कधी गेलंच नाही. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी भिली, कुणी पावरी. मी पहिलीची पुस्तकं आणली, पण आठवड्यात निम्मी मुलं यायची थांबली. एक मुलगा म्हणाला, ‘हे लहान पोरांचं आहे.’ स्वतःच साहित्य तयार करायचं ठरवलं आहे. गावात झेरॉक्सचं दुकान आहे, बाकी साधन नाही. सुरुवात कुठून करू? आणि शेवटी त्यांना काही प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर :

ताई, त्या मुलाने खरं तेच सांगितलं. कोयता चालवून घर चालवणाऱ्या पोरापुढे बदकाचं चित्र आणि ‘कमळ बघ’ ठेवलं की तो उठून जाणारच. पण पहिलीच्या पुस्तकातली एक गोष्ट टाकून देऊ नका : ठरावीक अक्षरं आधी, बाकीची नंतर, आणि शिकलेल्या अक्षरांबाहेरचा शब्द वाचायला द्यायचा नाही. मोठ्या मुलांसाठी साहित्य करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. विषय मोठ्यांचे निवडतात, ‘रोजगार हमी’, ‘आरोग्य’, ‘व्यसनमुक्ती’, आणि पहिल्याच पानावर जोडाक्षरं येतात. मुलगा अडतो आणि त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. म्हणजे शब्द त्यांच्या कामातले हवेत आणि क्रम अक्षरांचा हवा. दोन्ही एकाच कार्डावर बसवणं हेच तुमचं खरं काम.

आधी प्रत्येकजण कुठे आहे ते बघा. एका कागदावर दहा सुटी अक्षरं, खाली दहा साधे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग आठ ओळींचा. एकेकाला बाजूला बसवून पाच-सात मिनिटं द्या, चारचौघांत नको. जिथे तो सलग तीन-चार वेळा अडतो तिथे थांबवा, पुढचं विचारू नका. तुमच्याकडे तीन गट निघतील : अक्षरओळख नसलेले, काना-वेलांटीचे शब्द वाचणारे पण जोडाक्षरावर थांबणारे, आणि अडखळत का होईना उतारा वाचणारे. चौथीपर्यंत गेलेली मुलं बहुधा दुसऱ्या गटात असतात. त्यांना परत ‘अ आ इ’पासून सुरू केलं तर आठवड्याभरात जातील. तुमच्याकडे तेच झालेलं असावं.

मग शब्द गोळा करा. दोन संध्याकाळी फक्त बोलायचं : कामावर कोणते शब्द कानावर पडतात, कोणत्या कागदावर अंगठा दिला, मोबाइलवर काय समजलं नाही. एक वही ठेवा, चाळीस ते साठ शब्द जमले की पुरे. उचल, मुकादम, टोळी, कोयता, हजेरी, खाडा, काटा, टन, पावती, कपात, सही हे येतीलच. मुलींना वेगळं विचारा. त्यांच्या यादीत रेशन, दवाखाना, सोनोग्राफी, बचत गट, शिलाईचा दर असे शब्द निघतात, आणि मुलं बसलेली असताना त्या बोलत नाहीत. कागदही जमवा : वजनकाट्याची पावती, एसटीचं तिकीट, बँकेची पैसे काढायची स्लिप, रिचार्जचा मेसेज, कापसावर मारायच्या औषधाची रिकामी खोकी. डबा किंवा बाटली मात्र आणू नका, त्यात औषध शिल्लक असतं.

आता अक्षरांचा क्रम. बाराखडीपासून सुरू करू नका. 34 व्यंजनं गुणिले 12 म्हणजे 408 चौकटी, आणि त्या संपेपर्यंत एकही वाक्य हाती लागत नाही. त्याऐवजी अक्षरांचे असे गट करा.

पहिला गट : क, म, र, ल, न आणि काना. यात काम, माल, मका, रान, काल, मालक, नकार एवढे शब्द लगेच होतात.

दुसरा : प, ग, त, व, दुसरी वेलांटी आणि सुटा आ. आता नाव, गाव, पगार, कपात, पावती, माती, नवीन. वाक्यंही होतात : ‘नवीन माल आला.’ ‘पगारात कपात का?’ ‘पावती माग.’

तिसरा : ह, ज, स, द आणि एक मात्रा. हजेरी, सही, दर, दहा, नाही.

चौथा : च, ड, ख, ट, सुटा उ आणि दोन्ही उकार. उचल, खाडा, काटा, टन, तारीख, मुकादम, मजूर.

पाचवा : ब, श, य, पहिली वेलांटी, काना-मात्रा. हिशोब, कोयता, पिशवी, बाजार.

सहावा : ळ, ण आणि अनुस्वार. केळी, टोळी, पाणी, कांदा.

एवढ्या 22 व्यंजनांत कामाचं जवळपास सगळं वाचता येतं. उरलेल्या बारांपैकी ङ आणि ञ सुटे शिकवायची गरजच नाही. घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ष नंतर, दोन-दोन करून. हा क्रम असा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. म पक्का झाल्यावर भ येतो, य पक्का झाल्यावर थ, व नंतर ब. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात दिली की ती महिनोन्‌महिने गोंधळात राहतात. घ आणि ध यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. पहिली वेलांटी पाचव्या गटात ढकलली तीही विचारपूर्वकच : ती अक्षराच्या आधी लिहिलेली दिसते पण उच्चारात नंतर येते, त्यामुळे डावीकडून वाचणारा मुलगा तिथे हमखास अडतो. दुसरी वेलांटी लिहिल्याप्रमाणेच वाचली जाते, म्हणून ती आधी.

तिसरा गट झाला की पहिलं वाचनकार्ड द्या. नमुना असा : ‘गावात काम नाही. नवीन मालक आला. मी सही केली. काम केले. हजेरी लागली. पगार हातात आला. पगारात कपात! कपात का? मी पावती मागते.’ तेवीस शब्द आहेत आणि एकही अक्षर शिकवल्याबाहेरचं नाही. असं कार्ड लिहायला तुम्हाला तास लागेल, लागू द्या. लिहून झालं की प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून तपासा. ‘मागितला’ किंवा ‘घेतली’ सहज लिहून जातो आणि तिथेच नवी वेलांटी किंवा नवा घ घुसतो.

जोडाक्षरांना थोडा वेगळा मार्ग आहे. अर्ज, कर्ज, खर्च, जन्म, पत्ता, रुग्णालय, ग्रामपंचायत हे शब्द मुलांना आजच लागतात, ते शेवटपर्यंत थांबू शकत नाहीत. असे दहा-बारा शब्द अख्खे, चित्रासारखे ओळखायला शिकवा. भिंतीवर लावा, रोज एकदा वाचून घ्या. पद्धतशीर जोडाक्षरं बावीस अक्षरं झाल्यावर सुरू करा : आधी उभा दांडा गळणारी (म्ह, न्य, स्त, ग्य), मग पाय मोडून लिहायची, आणि र सगळ्यात शेवटी. कर्ज, प्रकार, ट्रक, दऱ्या या चार शब्दांत र चार वेगळ्या रूपांत दिसतो. ही चारही रूपं एका दिवशी शिकवली तर एकही राहत नाही, म्हणून आठवड्याला एकच घ्या.

भाषेचं काय, हा तुमच्या वर्गातला सगळ्यात नाजूक भाग आहे. अहिराणी बोलणारा मुलगा ‘केळी’ पाहून ‘केयी’ म्हणाला आणि ‘पाणी’ला ‘पानी’, तर त्याने बरोबर वाचलं. त्याला अर्थ कळला आहे. तिथे थांबवून दुरुस्त केलंत तर तो मोठ्याने वाचणं बंद करेल. लिहिताना ळ आणि ण कुठे येतात ते नंतर, सहाव्या गटात, दहा शब्दांची यादी देऊन वेगळं शिकवा. सुरुवातीची काही वाक्यं अहिराणीतच असू द्या. ‘मी कामले जास’ हे वाक्य तिसऱ्या गटाच्या अक्षरांत बसतं, ‘मी कामाला जातो’ला मात्र पाचव्या गटापर्यंत थांबावं लागतं. कार्डाच्या एका बाजूला अहिराणी आणि मागे प्रमाण मराठी, असं ठेवलं की मुलं स्वतःच दोन्हींतला फरक दाखवतात.

पण भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना अहिराणी ही त्यांची भाषा म्हणून देऊ नका. धडगावकडची पावरी वेगळी, तळोदा-अक्कलकुव्याकडची भिली वेगळी, नवापूरची मावची आणखी वेगळी. तुम्हाला ती येत नसेल तर लिहायचा प्रयत्न करू नका, मुलांकडून सांगून घ्या आणि ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवा. दुसऱ्या मुलाने वाचून दाखवलं आणि पहिल्याने ‘बरोबर’ म्हटलं की तो मजकूर पक्का.

त्यासाठीच कार्डांच्या जोडीला दुसरा धागा रोज चालू ठेवा : मुलांचा स्वतःचा मजकूर. एकजण चार-पाच वाक्यं बोलतो, तुम्ही मोठ्या अक्षरात त्याच्यासमोर शब्दशः लिहिता. एकही शब्द बदलायचा नाही, ‘शुद्ध’ करायचा नाही. मग तुम्ही बोट फिरवत वाचता, तो वाचतो, दुसऱ्या दिवशी झेरॉक्स सगळ्यांच्या हातात. इथे एक फसगत होते. मुलगा वाचत नसतो, पाठ म्हणत असतो. म्हणून मजकुराच्या वाक्यपट्ट्या कापून क्रम मोडा, त्या जुळल्या की एका वाक्याचे शब्द कापा, आणि शेवटी मधलाच एक शब्द उचलून विचारा. तो ओळखला तर वाचन. या मजकुराला अक्षरांच्या क्रमाचं बंधन नाही, कारण अर्थ त्याला आधीच माहीत आहे. कार्ड मात्र क्रमातच राहील. हे दोन धागे एकमेकांत मिसळू नका.

आणि इथेच एक सावधगिरी. मुलं बोलू लागली की मारहाण, पोलीस, घरातल्या दारूचं बोलतात. तो कागद अठरा जणांच्या हाती जाणार असतो. नाव, गाव, मालकाचं नाव आणि फोटो छापायचा नाही, आणि छापण्याआधी ‘हे सगळ्यांना द्यायचं का?’ असं एकट्याला विचारायचं. केस असलेल्या दोघांपैकी कुणी गुन्हा घडला तेव्हा 18 वर्षांखाली असेल, तर त्याची ओळख उघड होईल असं काहीही छापायला बाल न्याय अधिनियम 2015 नुसार बंदी आहे. त्यांच्यासाठी वेगळा संच करू नका, कार्ड सगळ्यांना एकच. त्यात एक माहितीकार्ड जरूर असावं : 18 वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं, एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, आणि अडचणीतल्या मुलासाठी 1098 हा नंबर आहे. हे कार्ड उतारा वाचता येणाऱ्या मुलांनी वाचून बाकीच्यांना सांगावं.

विषय सुचत नाहीत अशी वेळ येणार नाही. फवारणीच्या औषधावरचा रंगीत त्रिकोण हा एक उत्तम धडा आहे : लाल अतिशय विषारी, पिवळा खूप विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी विषारी. डब्यावरची अक्षरं बारीक असतात, म्हणून त्रिकोण आणि चार-पाच सूचना मोठ्या करून ए-4 कागदावर उतरवा. झेरॉक्समध्ये रंग येत नाहीत, त्यामुळे रंग मुलांनीच रंगपेन्सिलीने भरायचे, तेवढीच उजळणीही होते. हिशोबाचं कार्ड असं : ‘तोड 35 टन. दर 400 रुपये. मजुरी? उचल 10,000. हातात किती?’ (हे आकडे सरावापुरते, मुलांचे खरे आकडे घातले तर जास्त बरं.) 14,000 मजुरी आणि 4,000 हातात, हे उत्तर आलं की लगेच खाड्याचे पैसे वजा करायला लावा. मोबाइलवरचा ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही एक कार्ड करा. ‘दारू वाईट आहे’, ‘शिक्षण घ्या, मोठे व्हा’ असली कार्डं नकोत. ही मुलं असलं बोलणं आयुष्यभर ऐकत आली आहेत.

आकडे 1, 2, 3 असेच ठेवा, मोबाइलमुळे ते त्यांना येतात. देवनागरी आकडे वेगळ्या दिवशी दाखवा आणि तीन ठिकाणी सांभाळा : १ हा 9 सारखा दिसतो, ७ हा 6 सारखा आणि ४ हा 8 सारखा. पावती वाचताना ही चूक थेट पैशाची ठरते.

छपाई. टाइप करणार असाल तर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत युनिकोड फाँट चालतील. फाइलची भाषा मराठी ठेवा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि पाटीवर शिकवलेलं अक्षर कागदावर ओळखू येत नाही. अक्षर 20 पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. त्याहून कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मजकूर डावीकडे सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधल्या फटी लहानमोठ्या होतात आणि नवा वाचक शब्द कुठे संपला ते चुकतो. शब्द दोन ओळींत तोडू नका. दुकानात नेताना फाइल पीडीएफ करून न्या, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. टायपिंग जमत नसेल तर काळ्या स्केचपेनने हाताने लिहा, झेरॉक्स स्वच्छ येते. चित्रं रेघांची काढा, फोटोचा झेरॉक्समध्ये काळा डाग होतो. आणि जो शब्द वाचता येतो का ते बघायचंय, त्याच्या शेजारी चित्र नकोच, मुलं चित्र बघून सांगतात.

किती लागेल तेही मोजून ठेवा. शब्दकार्डांचे पाच संच, प्रत्येकात 60 कार्डं, म्हणजे 300. जाड ए-4 कार्डशीटचे चार तुकडे केले तर 75 शीट. वाचनपुस्तिका आठ पानांची : दोन ए-4 कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडायचे, घडीवर दोन पिना. अशा बारा पुस्तिका अठरा जणांना म्हणजे 432 कागद, एक रिम पुरतो. लॅमिनेशन फक्त शब्दकार्डांना करा. पुस्तिकेवर त्यांनी लिहायला, रेघा मारायला हवं.

पण सगळं एकदम छापू नका. प्रत्येक कार्ड आधी तीन-चार मुलांकडून वाचून घ्या, तुमच्या प्रतीवर ते अडतील तिथे खूण करा. चाळीस शब्दांत कुणी चारपेक्षा जास्त ठिकाणी अडला तर कार्ड कठीण आहे, पुन्हा लिहा. दोन किंवा कमी, तर तो ते एकटा वाचू शकतो. सगळे एकाच शब्दावर अडत असतील तर दोष तुमच्या कार्डात आहे, मुलांत नाही. एखादाच मुलगा महिनाभरानंतरही ओळ चुकत असेल, कागद डोळ्यांजवळ नेत असेल, तर आधी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून आणा. हे फार वेळा राहून जातं आणि मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसतो.

वर्षाचं वेळापत्रक तोडीच्या हंगामावर बसवा. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, होळीला सातपुड्यात माणसं परततात. म्हणजे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा तुमचा सलग वर्ग. सहा गट तेवढ्यात पुरे करा, जोडाक्षरं परतल्यावर. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत तीन पुस्तिका आणि एक हजेरीवही द्या. तिच्यात रोज तारीख, किती टन, मुकादमाने काय दिलं, एवढे तीनच रकाने. कामावर गोष्टीचं पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही, पण हिशोब लिहायला मुलं वेळ काढतात, आणि अक्षरं त्याने टिकतात.

प्रमाणपत्राचं विचारलंत. 15 वर्षांवरच्यांसाठी केंद्राचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे. त्याची मूल्यमापन चाचणी 150 गुणांची असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटून मुलांची नावं नोंदवून घ्या. तुमच्या मुलांच्या पहिल्या दोन गटांना हे पुरेल. तिसऱ्या गटातल्यांना पुढे शिकायचं असेल तर मुक्त विद्यालय किंवा दहावीला बाहेरून बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म हे मार्ग आहेत, त्यासाठी जुन्या शाळेतला दाखला आतापासूनच काढून ठेवायला सांगा. आणि वर्गात कुणी 14 वर्षांखालचा येऊ लागला तर त्याला तुमच्याकडे अडकवू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखला नसला तरीही. त्याच्या पालकांबरोबर शाळेत जाऊन तो प्रवेश करून द्या, आणि संध्याकाळी त्याला तुमची कार्डं वाचायला येऊ द्या.